तुला आहे तोच आजार

2004 च्या ऑक्टोबरात मी आफ्रिकेतल्या मलावीत पोचले आणि तिसऱ्याच आठवड्यात एका घरी जायला नको तेव्हा गेले.

कारोंगा हा मलावीच्या उत्तर टोकाचा जिल्हा. एका अंगाला सरोवर, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि दोहोंच्या मधून टांझानियाच्या हद्दीपर्यंत गेलेला एम-वन हा हमरस्ता. त्या घरातला तिशीतला मुलगा जाऊन नऊ दिवस झाले होते. अंगणात आंब्याखाली पुरुष बसून होते, आत चटईवर बायका. माझ्या हातात फॉर्म होता. माणूस गेल्यावर घरच्यांना विचारून मरणाचं कारण शोधायचं, याला आमच्या कामात व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. जिथे माणसं घरीच जातात आणि डॉक्टरचा दाखला कुणाकडेच नसतो, तिथे हाच एक मार्ग. ताप किती दिवस होता? खोकला तीन आठवड्यांच्या वर होता का? तोंडात पांढरं काही आलं होतं? कपडे सैल व्हायला लागले होते का?

मुलाच्या आईने आम्हाला चटई दिली, पाणी दिलं, आणि दीड तास एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. मी फॉर्म मिटला तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही एवढं सगळं लिहून घेतलंत. आता सांगा, माझा मुलगा कशाने गेला?"

मला उत्तर माहीत होतं. बहुधा तिलाही होतं. पण ते सांगायची मुभा मला नव्हती. कारण ठरायचं ते नंतर, डॉक्टरांनी आपापलं स्वतंत्र वाचून. शिवाय त्या वेळी त्या अंगणात एड्स हा शब्द उच्चारला असता तर त्याच्या बायकोवर आणि दोन पोरांवर काय ओढवलं असतं, याचा मला अंदाजही नव्हता. मी "पेपानी" एवढंच म्हणाले. वाईट वाटलं म्हणायला आणि माफी मागायला तिकडे हा एकच शब्द आहे.

आमच्या फिल्डवर्करांत एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना 'अदादा' म्हणत. तुंबुका भाषेत अदादा म्हणजे वडील. माझ्या कानाला मात्र तो आपला 'दादा'च वाटायचा, आणि त्यांच्याशी माझं नातंही तसंच जुळलं. ते रजेवरून परतले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "आधी नुसतं जाऊन बसायचं. कागद नंतर." दुखवट्याला जाणं मी वरोऱ्यात लहानपणापासून बघत आले होते, तरी हातात फॉर्म आला की ते विसरले होते. त्यानंतर मी प्रत्येक घरी दोनदा गेले. पहिल्यांदा रिकाम्या हाताने.

वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये ते उभं केलं. माझे बाबा मात्र सरकारी खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. सायकल, खांद्याला पिशवी, रोज एक गाव. सुट्टीत ते मला सोबत न्यायचे. अंगावर फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचे, पेनाचं टोक त्वचेला हलकंच टेकवायचे आणि म्हणायचे, "कुठं लागलं, तिथं बोट ठेव." बोट बरोबर पडलं की बाबांचा चेहरा सैल व्हायचा. बोट हवेतच राहिलं की ते काही बोलायचे नाहीत, पुन्हा एकदा टेकवायचे. पुढे सेवाग्रामला डॉक्टर झाले, समाजवैद्यक घेतलं, साथरोगशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांतून गेले. पण आजार शोधायचा तर घरोघर जावं लागतं आणि एकही घर सोडून चालत नाही, हे मी त्या सायकलच्या कॅरिअरवर बसूनच शिकले.

कारोंग्याचं नाव मला कुष्ठरोगामुळेच कळलं. 1979 च्या सुमाराला तिथे अख्ख्या जिल्ह्यात कुष्ठरोगाचा अभ्यास सुरू झाला. लाखाहून जास्त माणसं एकेक करून नोंदवली, तपासली. 1986 पासून बीसीजी लसीची मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 1996 मध्ये छापून आला: बीसीजीचा दुसरा डोस कुष्ठरोग जवळपास निम्म्याने कमी करतो, क्षयाला मात्र अडवत नाही. आपल्याकडे तमिळनाडूत चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत बीसीजीने मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिलंच नव्हतं. त्यामुळे बाबांनी तो निष्कर्ष वाचला तेव्हा त्यांना फार नवल वाटलं नाही. त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. म्हणाले, "एकाच माणसाला सात वर्षांनी पुन्हा शोधून काढलं यांनी. कसं काय?"

हा प्रश्न घेऊनच मी तिकडे गेले असं म्हणायला हरकत नाही. कारण खरी मेख तिथेच आहे. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, माणसाकडे जन्मदाखला नाही, आणि एकेकाची दोन-तीन नावं. शाळेतलं एक, चर्चमधलं एक, आजीने ठेवलेलं एक. मग माणूस ओळखायचा तो नात्यांवरून: आई कोण, वडील कोण, भावंडं किती, मूळ गाव कोणतं. एका बाबतीत तर काम आपल्यापेक्षा सोपं होतं. तुंबुका बाईला लग्नानंतरही वडिलांच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, त्याआधी 'न्या' लावून. नवरा बदलला, गाव बदललं, तरी हे नाव सुटत नाही. आपल्याकडे सासरी गेलेली बाई नोंदवहीत हरवते, तिचा पत्ता लावताना बाबांचा निम्मा दिवस जायचा.

वयाचं तसंच. साल कुणालाच ठाऊक नसायचं, पण घटना पक्क्या लक्षात. आपल्याकडे म्हातारी माणसं 'बहात्तरच्या दुष्काळात मी न्हाती होते' किंवा 'पानशेत फुटलं त्या साली थोरला झाला' असं सांगतात, अगदी तसं. तिथे 1964 चं स्वातंत्र्य होतं, आणि त्याच्या आधी विप्या. विप्या हे सरोवरातलं प्रवासी जहाज 1946 च्या जुलैत वादळात बुडालं, सुमारे 145 माणसं गेली. कारोंग्याच्या दक्षिणेच्या गावांतले म्हातारे अजून ती गोष्ट सांगतात. ज्या माउलीच्या मुलाबद्दल मी चुकीच्या वेळी विचारायला गेले होते, तिच्या वयाच्या रकान्यात अदादांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'विप्या बुडाली तेव्हा आईच्या पाठीवर.' म्हणजे 1945 च्या आसपासचा जन्म.

2002 पासून या नोंदीचं रूप बदललं होतं. गावातलाच एक विश्वासू माणूस तीस-चाळीस घरांवर लक्ष ठेवायचा, जन्म झाला, कुणी गेलं, की वहीत लिहायचा. त्या वह्या दर महिन्याला आमच्याकडे यायच्या. पहिलं वर्षभर त्या वह्या वाचणं हेच माझं काम. आपल्याकडे मृत्यूच्या नोंदींत म्हातारे आणि तान्ही मुलं जास्त. इथे रांगेने पंचविशी, तिशी, पस्तिशी. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार जिल्ह्यात येण्याआधीच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तर पंधरा वर्षांचा माणूस साठीच्या आत जाण्याची शक्यता 43 टक्के निघत होती. हा आकडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बरोबर आहे का म्हणून पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

हा विषाणू जिल्ह्यात आला कधी, याचंही उत्तर त्याच जुन्या कामात सापडलं होतं. 1980 च्या दशकात कुष्ठरोगाच्या तपासणीत हजारो लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब गाळणीच्या कागदावर घेऊन, वाळवून जपून ठेवला होता. सुरुवातीला तर एचआयव्हीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. पुढे ते कागद काढून तपासले, तेव्हा 1982 च्या सुमाराच्या थेंबांतही विषाणू मिळाला. दशक संपेपर्यंत त्याचा 'सी' हा उपप्रकार सगळीकडे पसरला. भारतातही मुख्यतः हाच उपप्रकार आहे. एका रोगासाठी घेतलेलं रक्त दुसऱ्या रोगाची जन्मतारीख सांगून गेलं. तेव्हापासून कुणी 'हा नमुना आता कशाला ठेवायचा' म्हटलं की मी हट्टाने ठेवायला लावते.

2005 मध्ये जिल्ह्यात एआरटी सुरू झाली. एकाच गोळीत तीन औषधं. तिचं नाव ट्रायोम्यून, बनवणारी मुंबईची सिप्ला. 2001 मध्ये सिप्लाने वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी दरात हे औषध द्यायची तयारी दाखवली, तोवर श्रीमंत देशांत त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत होते. पहिल्यांदा ती डबी हातात घेतली तेव्हा मला फार बरं वाटलं. बाजारात पोरं माझ्यामागे 'म्वेन्ये, म्वेन्ये' ओरडायची. भारतीय वंशाच्या दुकानदारांना तिकडे तसं म्हणतात. अदादांनी त्या दिवशी ती डबी पोरांना दाखवून सांगितलं, "हे यांच्या गावचं."

वहीत फरक पडायला आठ महिनेही लागले नाहीत. मोठ्या माणसांचे मृत्यू एकूण 10 टक्क्यांनी घटले, आणि हमरस्त्यालगतच्या गावांत, जिथे ट्रक थांबत आणि संसर्ग सगळ्यात जास्त होता, तिथे 35 टक्क्यांनी. हे 2008 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. जगासाठी तो पुरावा होता. आमच्यासाठी फरक असा, की सोमवारी वह्या उघडल्या की काही पानं कोरी निघायला लागली. अदादा कोरं पान हाताने सपाट करून पुढे उलटायचे.

याच काळात रविवारी आईचा फोन यायचा. तिला रक्तदाबाची गोळी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती, डॉक्टर गोळी बदलायचे तेव्हा ती मला कागद वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, "पोरी, तिकडं लोकाईले आजार तरी कोन्ते असते?" तिच्या डोळ्यांपुढे इबोला, काळं जंगल, टीव्हीवर बघितलेलं सगळं. तेव्हा मी मलेरिया, क्षय, एचआयव्ही अशी यादी सांगितली. पाच-सहा वर्षांनी तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आई, तुला आहे तोच."

कारण तोवर आमच्या फॉर्मांमध्ये एक वेगळंच वाक्य यायला लागलं होतं. 'सकाळी उठला तो एक बाजू लुळी.' 'विहिरीवर घागर उचलताना तोंड वाकडं झालं.' लकवा. सुरुवातीला वाटलं, एड्सने माणसं मरायची थांबली म्हणून हे दिसायला लागलं. ते खरंही होतं, पण अर्धंच. रक्तदाब आधीही होता, कुणी मोजलाच नव्हता. आफ्रिकेला संसर्गाचे रोग आणि श्रीमंतांना मधुमेह-रक्तदाब, ही वाटणी पैसे देणाऱ्यांच्या फायलींत होती. गावात नव्हती.

2013 ते 2016 या काळात कारोंग्याची गावं आणि राजधानी लिलाँगवेची एक मोठी वस्ती मिळून सुमारे 29,000 प्रौढांची तपासणी झाली. रक्तदाब, साखर, चरबी, वजन, कमरेचा घेर. ऐकायला सोपं वाटतं. पण रक्तदाब मोजायचा तर माणूस पाच मिनिटं स्वस्थ बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, बोलणं बंद. शेतातून कुदळ टाकून आलेल्या माणसाला स्वस्थ बसवणं अवघड, आणि त्याला टेकायला पाठीची खुर्ची त्या घरात नसायची. आम्ही घडीच्या खुर्च्या सायकलला बांधून नेल्या. दंडाचा पट्टाही तसाच. गावातल्या वाळक्या दंडाला मधल्या मापाचा पट्टा लावला तर आकडा कमी येतो, शहरातल्या भरल्या दंडाला तोच लावला तर उगाच जास्त. पट्टा निवडण्याआधी टेपने दंड मोजायचा, हा नियम मी एकालाही मोडू दिला नाही. तीन वेळा मोजायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा.

लिलाँगवेत चिचेवा बोलतात. तिथे रक्तदाबाला म्हणतात 'कुथामांगा क्वा मगाझी', रक्ताचं धावणं. मधुमेहाला नुसतं 'शुगा'. "माझं रक्त धावतं," असं एक बाई मला सांगत होत्या आणि मला वाटलं, आपल्याकडे कुणी इतकं अचूक नाव का दिलं नाही. पण असं सांगणारे थोडेच. पट्टा सुटल्यावर आकडा बघून पहिल्यांदाच कळलं, असे कितीतरी. एआरटीवरची माणसंही त्यात होती. दहा वर्षांपूर्वी ज्यांना मृत्यूच्या दारातून परत आणलं, ती आता पन्नाशीला पोचली होती आणि पन्नाशीचे आजार त्यांना गाठत होते. काहींच्या पायांची आग व्हायची. ट्रायोम्यूनमधल्या एका औषधाने नसा दुखावतात, 2011 पासून मलावीने ते बदलायला घेतलं. सरोवराच्या तापल्या वाळूत त्यांना अनवाणी पाऊल टाकवत नसे.

त्याच तपासणीत ती माउली पुन्हा भेटली. दहा वर्षं झाली होती. अंगण तेच, आंबा थोरला झालेला. सुनेने दुसरीकडे घर मांडलं होतं, दोन्ही नातवंडं हिच्याकडे. मी टेपने दंड मोजला, लहान पट्टा लावला. तीनही वेळा वरचा आकडा 190 च्या पुढे. या वेळी सांगायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मी तिच्या शेजारी चटईवर बसले आणि सांगितलं: रक्त जोरात धावतंय, रोज एक गोळी घ्यावी लागेल, जन्मभर, बरं वाटलं तरी सोडायची नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या वेळी तुम्ही काही बोलला नव्हता." मी म्हणाले, "नव्हते बोलले." तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मलावीत प्रत्येकाकडे आरोग्याचं एक पासबुक असतं. केसपेपर दवाखान्यात राहत नाही, तो रोग्याच्या हातात. लोक ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराच्या वळचणीला ठेवतात, पावसाने भिजू नये म्हणून. थोरला नातू तिला दर महिन्याला सायकलवर मागे बसवून जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचा. आकडा 150 वर आला. आठ वर्षं तो तसाच राखला तिने.

2022 च्या मार्चपासून मलावीत कॉलरा सुरू झाला. त्या देशाने इतका मोठा कधी पाहिला नव्हता. वर्ष-सव्वा वर्षात सुमारे 59,000 रुग्ण, 1,700 च्या वर मृत्यू. अंगणाअंगणांत तंबू, सलाइन, ओआरएस. जी नर्स सोमवारी रक्तदाबाचं क्लिनिक बघायची, ती तंबूत गेली, आणि जायलाच हवं होतं. गाडी गोळ्या आणायची ती सलाइन आणायला लागली. मीसुद्धा त्या महिन्यांत विहिरींच्या यादीवर बसले होते. कुणाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, याची यादी कुणाकडेच नव्हती. ती मी करायला हवी होती.

2023 च्या मार्चात गावच्या वहीत तिचं नाव आलं. अदादा तोवर निवृत्त झाले होते. मी आधी एकटी गेले, आंब्याखाली बसले, कागदाशिवाय. तीन आठवड्यांनी पुन्हा गेले, या वेळी टॅब घेऊन. उत्तरं द्यायला थोरला नातू बसला. सकाळी चूल पेटवताना तिच्या उजव्या हातातून लाकूड पडलं, मग शब्द फुटेना, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. ताप नाही. जुलाब नाहीत. मी प्रश्न विचारत गेले, तो सांगत गेला. शेवटी त्याने मला काही विचारलं नाही. आत गेला, वळचणीची पिशवी काढली आणि तिचं पासबुक माझ्यासमोर उघडून धरलं.

शेवटची तीन पानं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. प्रत्येक पानावर त्या दिवसाचा रक्तदाब लिहिलेला, दर वेळी आधीपेक्षा वर. आणि खाली, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच ओळ: औषध शिल्लक नाही.

"औषध मिळण्यात अडचण आली का?" असा एक प्रश्न फॉर्ममध्ये आहे. त्याच्यापुढे मी 'हो' केलं. फॉर्मच्या शेवटी घरच्यांच्या शब्दांत हकीकत लिहायला मोकळी जागा असते. तिथे त्या तीन तारखा लिहिल्या, त्यांच्यापुढे ते तीन आकडे, आणि नातवाला वाचून दाखवलं. त्याने जानेवारीची तारीख दुरुस्त केली. सायकल पंक्चर झाली होती, त्यामुळे ते एक दिवस उशिरा पोचले होते.